नळ आला की नेट जाते: एका घरच्या राऊटरचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

मी सीसीटीव्ही बसवायचं काम करतो, तालुक्याच्या गावी छोटं दुकान आहे, अन् कॅमेऱ्यासोबत लोकांचे राऊटर पण गळ्यात पडतातच. हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं आहे, पुसदकडच्या बाजूचं, गावाचं अन् घराचं नाव लिहीत नाही. घरमालकांना मी काकाजी म्हणतो, नात्याने लांबचे लागतात. घरात काकाजी, काकू अन् त्यांची मुलगी. मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं कस्टमर सपोर्टचं काम घरूनच करते, दुपारी ४ ते रात्री ११ ची शिफ्ट. म्हणजे नेट गेलं की पगाराशी गाठ.

घर जुन्या पद्धतीचं, समोरच्या दोन खोल्यांच्या भिंती मातीच्या, दीड फूट जाड, मागची खोली विटांची अन् वर टीन. फायबरचं कनेक्शन, ५० एमबीपीएसचा प्लॅन. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, ज्याला घरातले राऊटरच म्हणतात, समोरच्या खोलीत कोपऱ्यात होता, धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे. मी गेलो तेव्हा डिसेंबर होता अन् त्या खोलीत कापूस भरलेला, छातीइतका, भाव वाढायची वाट पाहत. राऊटरपर्यंत जायला कापसातून पोहत जावं लागायचं म्हटलं तरी चालेल.

दोन जुन्या गोष्टी इथंच सांगून ठेवतो, कारण मला त्या खूप उशिरा कळल्या. एक, सप्टेंबरच्या परतीच्या पावसात वीज कडाडली तेव्हा राऊटरचा ओरिजिनल अ‍ॅडॅप्टर जळाला होता अन् काकाजींनी जुन्या सेट टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर लावून दिला होता, पिन बसली, लाईट लागला, विषय संपला. दोन, नोव्हेंबरमध्ये मुलीच्या मागच्या खोलीत रेंज येईना म्हणून तिच्या मावसभावाने एक जुना राऊटर आणून वायरने जोडून दिला होता. दोन्ही कामं त्या त्या वेळी चालली, म्हणून कोणाच्या डोक्यातच राहिली नाहीत.

तक्रार काय होती

मुलीचं म्हणणं असं, की संध्याकाळी नेट जाते, तासतासभर येत नाही, वायफाय कनेक्टेड दिसते पण इंटरनेट नाही असं लिहून येते, कधी लॅपटॉपवर येते तर मोबाईलवर नाही, कधी उलटं. काकाजींचं म्हणणं, कंपनी चोर आहे, संध्याकाळी सगळे लावतात म्हणून स्पीड कापते. अन् काकू मधेच बोलल्या, "अरे बाबू, ज्या दिवशी नळ येते ना त्याच दिवशी जाते पाय हे तुमचं नेट."

मी हसलो. खरंच हसलो. काकाजी पण हसले. नळाचा अन् नेटचा काय संबंध. मुलगी पण म्हणाली की नाही गं आई, काल नळ नव्हता तरी सकाळी बंद होतं. तिचंही खरंच होतं, तेच तर गोंधळाचं मूळ होतं, पण ते पुढं येईलच.

पहिली चक्कर

मी गेलो दुपारी १ वाजता, कारण संध्याकाळी दुकानात गर्दी असते. माझी नेहमीची पद्धत अशी, आधी लाल लाईट पाहायचा. एलओएसचा लाल लाईट लागला असेल तर फायबरच तुटली, पुढं बघायचंच नाही, लाईनवाल्याला फोन. इथं लाल नव्हता, पॉनचा, म्हणजे फायबर कंपनीच्या टोकाशी जुळल्याचा, हिरवा स्थिर होता. मग १९२.१६८.१.१, म्हणजे डब्याच्या सेटिंगचं पान, उघडून ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, पाहिली, उणे २१ डीबीएम. साधारण उणे २७ च्या खाली जायला लागलं की घरातला डबा डळमळतो, उणे २१ म्हणजे निवांत. पॅच कॉर्ड, म्हणजे डब्यात घुसणारी फायबरची बारीक वायर, कुठं मुरगळलेली नाही, हिरवं कनेक्टर नीट बसलेलं. स्पीड टेस्ट मारली, ४८. अ‍ॅडॅप्टरची पिन काढली, मल्टीमीटर लावला, १२.१ व्होल्ट. एकदम ओके.

मग उरलं काय, तर वायफाय. कोठीचा पत्रा सिग्नल अडवतोच, म्हणून डबा तिथून काढून दाराच्या वर भिंतीला लावला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल ऑटोवर होतं ते ११ केलं, रुंदी २० वर आणली. शेजारच्या गल्लीतले दोन राऊटर चॅनल १ वर बसलेले दिसत होते म्हणून ११. मागच्या खोलीत जुन्या राऊटरचं वायफाय फुल दिसत होतं तर त्याला हातच लावला नाही. चहा घेतला, झालं म्हणालो, निघालो.

आता पाहिलं तर त्या स्टेटसच्या पानावर ऑप्टिकल पॉवरच्या दोन ओळी वरच अपटाईम लिहिलेला असतो, डबा शेवटचा चालू होऊन किती वेळ झाला ते. त्यात एका दिवसाच्या आतला आकडा होता एवढं मला अंधुक आठवते. लाईट गेली असेल असं समजून डोळे पुढं सरकले. विचारलं असतं की काल रात्री लाईट गेली होती का, तर उत्तर नाही असंच आलं असतं, अन् अर्धं काम तिथंच झालं असतं.

फोनवरचा सल्ला

त्याच दिवशी रात्री ८ वाजता फोन. "दादा, परत गेलं." मी जेवत होतो. मी म्हणालो रिसेट करून पाय. मला म्हणायचं होतं बंद करून चालू कर. तिनं काय केलं, तर मागच्या बारक्या भोकात पिन घालून १० सेकंद दाबून धरली, कारण रिसेट तिथंच लिहिलेलं असते. तिची काहीच चूक नाही, शब्द माझा होता.

डबा कोरा झाला. पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम पासवर्ड गेलं, व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीने दिलेल्या नेटच्या मार्गाचा, नंबर गेला, वायफायचं नाव गेलं. पॉनचा लाईट हिरवाच, कारण फायबरवर ओळख डब्याच्या सिरियल नंबरने होते, पण इंटरनेटचा लाईट बंद. कनेक्शन घेतलं तेव्हाचा कागद कोणाकडे नव्हता. कस्टमर केअरला फोन, तो म्हणे रजिस्टर नंबरवर ओटीपी येईल, रजिस्टर नंबर ज्या सिमचा ते सिम बंद पडलेलं. पोरीनं दीड दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर शिफ्ट काढली, गच्चीवर थंडीत बसून, कारण रेंज तिथंच. तिच्या कामाच्या कंपनीकडून तिला एक मेल पण आला. शेवटी त्या भागाचा लाईनवाला भेटला, त्यानं दोन मिनिटात टाकून दिलं अन् मी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. जे मी पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं.

या दीड दिवसाचं बिल माझ्या नावावर आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही.

तिसऱ्यांदा, पण संध्याकाळी

आता मी ठरवलं, ज्या वेळी दुखते त्याच वेळी जायचं. दुकान भावावर सोडलं अन् ५:३० ला पोचलो. लॅपटॉप घेतला, डब्याला थेट लॅन वायर लावली, दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत १९२.१६८.१.१ ला, म्हणजे डब्यालाच, सतत पिंग, म्हणजे दर सेकंदाला हाक मारून उत्तर येते का पाहणं, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. साधा हिशेब आहे, दुसरी बंद पडली अन् पहिली चालू राहिली तर बाहेरचं दुखणं, दोन्ही बंद पडल्या तर घरातलं.

वाट पाहता पाहता मुलीचा मोबाईल पाहायला घेतला, त्यावर तेव्हाही इंटरनेट नव्हतं. वायफायच्या माहितीत आयपी, म्हणजे मोबाईलला मिळालेला नेटवर्कचा पत्ता, दिसला १९२.१६८.०.१०३. आता फायबरचा डबा तर १९२.१६८.१ वाले पत्ते वाटतो, हा शून्यवाला कोण? तर मागच्या खोलीतला जुना राऊटर. मावसभावानं डब्याच्या लॅनमधून, म्हणजे घरातल्या वायरच्या पोर्टमधून, त्या राऊटरच्या लॅनमध्ये वायर टाकलेली, ते बरोबरच, पण त्या राऊटरचं स्वतःचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, चालूच ठेवलेलं. म्हणजे एका घरात पत्ते वाटणारे दोघं. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मोबाईल घेणार. फायबरच्या डब्याचा मिळाला तर नेट चालणार, जुन्याचा मिळाला तर मोबाईल त्या जुन्यालाच दार समजून त्याच्याकडे जाणार अन् त्याच्या वॅन पोर्टला, जिथून बाहेरचं नेट येते, तर काहीच लागलेलं नाही. कनेक्टेड, इंटरनेट नाही. कधी याला कधी त्याला, याचं कारण ते.

मला वाटलं सापडलं. काकाजींना सांगत होतो तेवढ्यात ६:४० झाले अन् गल्लीत घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, एका घरातून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. टिल्लू पंप. नळ आला होता. आमच्या इकडं नळाला धार नसते, म्हणून ज्याला त्याला टिल्लू लावावा लागते, अन् एकानं लावला की बाकीच्यांना उरलेलं पण येत नाही म्हणून तेही लावतात. काकू उठल्या, दाराजवळच्या बोर्डात पंपाची पिन खोचली, बटण दाबलं. देवघरातला जुना झिरोचा बल्ब पिवळा होऊन बसला. अन् माझ्यासमोर दोन्ही पिंग एकदम थांबल्या.

वर पाहिलं तर फायबरच्या डब्याचे सगळे लाईट गेलेले. एक सेकंद, दोन सेकंद, मग परत पहिल्यापासून एकेक लागायला लागले. डबा रिस्टार्ट झाला होता. लाईट गेली नव्हती, टीव्ही चालू होता.

काकू पंपाजवळून म्हणाल्या, "मंग, म्या काय म्हटलं होतं?"

मल्टीमीटर बोर्डात लावला. १५८ व्होल्ट. २३० पाहिजे तिथं १५८. पंप बंद करायला सांगितलं, १७६ झाले. म्हणजे गल्लीचा भार डीपीवर, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, एकीकडे अन् घरातला पंप त्याच बोर्डावर, बारीक जुन्या वायरवर, तो वेगळा.

पण चांगला अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालते, तसं त्यावर छापलेलंच असते. १५८ वर मरायला नको. मागचा जुना राऊटर मेला नव्हता, त्याचा अ‍ॅडॅप्टर ओरिजिनल. तेव्हा पहिल्यांदा फायबरच्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर हातात घेऊन नीट वाचला. १२ व्होल्ट १ अँपिअर. डब्याच्या बुडाला लिहिलेलं, १२ व्होल्ट १.५ अँपिअर. मग सेट टॉप बॉक्सची गोष्ट बाहेर आली.

अन् माझं १२.१? ते मी पिन काढून मोजलं होतं, भार नसताना. रिकामी बैलगाडी ओढून बैल चांगला आहे म्हणण्यातला प्रकार. या वेळी कॅमेऱ्याच्या कामाचे स्क्रूवाले डीसी जॅक थैलीत होते, नर अन् मादी, ते मध्ये जोडून डबा चालू असताना मोजलं. पंप बंद असताना ११.२. पंप चालू केल्यावर ९.३ अन् डबा परत बंद.

आता सगळं जुळलं, अन् खरी गंमत इथं आहे. व्होल्टेज पडते, डबा रिस्टार्ट होते, त्याला उठून बसायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मोबाईल, लॅपटॉप सगळे सरकून जुन्या राऊटरवर जातात, तो जिवंतच असते, तोच पत्ता देते, कारण दुसरा देणारा झोपलेला. तीन मिनिटांनी डबा आला तरी हे तिथंच अडकलेले, शून्यवाला पत्ता धरून. तीन मिनिटांचं दुखणं तासभर दिसायचं, कधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पण. म्हणून मुलगी म्हणे नळ नसला तरी जाते, अन् काकू म्हणे नळालाच जाते, अन् दोघी खऱ्या.

राहिला एक प्रश्न, अ‍ॅडॅप्टर सप्टेंबरचा अन् त्रास डिसेंबरला का. नळ आधी सकाळी ६ ला यायचा, एक दिवसाआड, तेव्हा मुलगी झोपलेली. डिसेंबरपासून तो संध्याकाळी यायला लागला, बस.

काय काय पर्याय होते

काकाजींच्या मनात नवीन राऊटर घ्यायचं होतं, नाहीतर कंपनीच बदलायची. नवीन राऊटर आला असता तर सोबत नवीन अ‍ॅडॅप्टर आला असता अन् अर्धं दुखणं आपोआप गेलं असतं, अन् आम्ही सगळे आयुष्यभर राऊटरलाच दोष देत बसलो असतो. कंपनी बदलून तर काहीच झालं नसतं.

घराला स्टॅबिलायझर लावायचा विचार झाला. घरभराचा महाग, अन् टिल्लू पंपासाठी स्टॅबिलायझर लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचं अजून ओढणं. इन्व्हर्टर घरात होता, त्याचा मोड यूपीएसवर ठेवला की साधारण १८० च्या खाली तो बॅटरीवर घेते, ते चाललं असतं, पण बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली अन् काकाजी म्हणाले कापूस विकल्यावर पाहू. ते बरोबरच होतं, हजारोंचा खर्च दहा वॅटच्या डब्यासाठी कोण करते.

पंप दुसऱ्या बोर्डावर नेणं फुकटचं होतं पण त्यानं १५८ चे फार तर १७० झाले असते, अ‍ॅडॅप्टर तरी बदलावाच लागला असता.

अन् एक पर्याय माझ्या मनातला, शिस्तीचा. आधी फक्त डीएचसीपी दुरुस्त करायचं, दोन नळाचे दिवस जाऊ द्यायचे, पाहायचं की आता फक्त तीन मिनिटं जाते का, मग अ‍ॅडॅप्टर बदलायचा. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, तुमचे प्रयोग माह्या शिफ्टवर नका करू." दोन्ही एकदमच केलं. मोजमाप हातात होतं म्हणून ते चाललं, नुसत्या अंदाजावर असतो तर चाललं नसतं.

केलं काय

कॅमेऱ्यासाठी आणलेला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर थैलीत होता तो लावला. अँपिअर जास्त असला तर चालते, डबा लागेल तेवढंच घेते, पण व्होल्ट तेच पाहिजे अन् पिनचा मधला धन पाहिजे, हे दोन्ही आधी पाहून मग. पंप चालू ठेवून मोजलं, बोर्डात १५८, पिनला ११.९. डबा हलला नाही.

जुन्या राऊटरला लॅपटॉप लावून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी बंद केलं, वायर लॅनमधून लॅनमध्येच ठेवली, वॅन पोर्टवर कागदी टेप चिकटवली म्हणजे पुढचा कोणी तिथं घालणार नाही. वायफायचं नाव अन् पासवर्ड दोन्हीकडे सारखं, पण चॅनल इकडं ११ तिकडं ६. क्रम महत्त्वाचा आहे, आधी पत्ता बदलायचा मग डीएचसीपी बंद करायचं, उलटं केलं की लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही अन् हाताने टाकत बसावं लागते. मी उलटंच केलं होतं, दहा मिनिटं गेली.

दोन दिवसांनी एक मिनी यूपीएस, म्हणजे छोटा बॅटरीचा डबा, नेऊन दिला, १२ व्होल्टचाच, डब्याच्या अन् अ‍ॅडॅप्टरच्या मध्ये बसतो. त्याचं कारण नळ नाही, लाईट. फायबरच्या रस्त्यात मधल्या स्प्लिटरला, जो एक फायबर अनेक घरांत वाटते, वीज लागतच नाही, तिकडच्या टोकाला बॅकअप असेल तर गावात अंधार असून घरातला डबा चालू राहू शकते.

झालं काय

मिनी यूपीएस लावला तो पण नळाचाच दिवस होता. ६ ते ८ पिंग चालू ठेवली, ७,२०० मधून ३ गेल्या, त्या कशानं ते शोधायच्या भानगडीत पडलो नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा लाईट गेली, एकदा दोन तास, मुलीचा कॉल चालूच राहिला अन् समोरच्याला कळलं पण नाही की ती अंधारात बसलेली आहे. अ‍ॅडॅप्टरचे काकाजींनी पैसे दिले, मिनी यूपीएसचे मी घेतले नाहीत, दीड दिवसाच्या बदल्यात.

आता परत करायचं झालं तर

पहिला प्रश्न कुठं जाते हा नाही तर कधी जाते हा विचारीन, अन् उत्तर घरात दिवसभर जो असते त्याला विचारीन. काकूंनी पहिल्या पाच मिनिटात सांगितलं होतं, मी तीन चकरा घातल्या. दुपारी १ ला संध्याकाळचं दुखणं पाहायला जाणार नाही. डब्याला हात लावायच्या आधी सेटिंगच्या पानांचे फोटो, हे आता दुकानातल्या पोराला पण लावून दिलं आहे. फोनवर रिसेट हा शब्द वापरणं बंद, सरळ म्हणतो पिन काढ, दहापर्यंत मोज, परत लाव. अन् अ‍ॅडॅप्टर भार लावूनच मोजीन.

एका गोष्टीवर मात्र अजून माझं ठरत नाही. त्या संध्याकाळी व्होल्टेजचा आकडा काकाजींना दाखवला तेव्हा मी म्हणालो, गल्लीतले सगळे मिळून वीज ऑफिसात डीपीचा अर्ज द्या. दिला नाही. अर्जात कारण काय लिहायचं हाच प्रश्न आहे, कारण पंप सगळ्यांच्याच घरी आहे अन् नळाला पंप लावायची परवानगी कोणालाच नाही. काकूंनी पंपाची पिन तेवढी मागच्या बोर्डावर नेली आहे.